कार्डाचा रंग पाहून औषध?



रेशनचे कार्ड धान्यासाठी असते असे आपण धरून चाललो होतो. १ मे १९९९ पासून महाराष्ट्र सरकारने कार्डांना तीन रंग दिले, पिवळा, केशरी आणि पांढरा. तेव्हा वाद गहू, साखर, रॉकेलचा होता. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि दवाखान्याच्या दाराची चावीही याच कार्डाला बांधली गेली. कार्ड पिवळे किंवा केशरी असेल तर दीड लाखापर्यंतचे ऑपरेशन सरकारच्या खर्चाने. पांढरे असेल तर घरातले डोरले, दावणीची जोडी आणि गावचा सावकार आहेच. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव मिळाले. चावी होती तिथेच राहिली. सासरच्या कार्डावर नाव चढले नाही आणि माहेरच्या कार्डावरून कमी झाले अशा सुनेला तर कोणताच रंग नव्हता.

हा रंग ठरतो कसा? पिवळ्याला वर्षाचे १५ हजार, केशरीला एक लाख. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर स्वस्त धान्याच्या यादीत बसायला खेड्यात ४४ हजारांची मर्यादा आली. आता कोरडवाहू तीन एकरांत बारा क्विंटल कापूस झाला असे धरा. २०२४-२५ चा हमीभाव ७,१२१ रुपये मिळाला असेही धरा, म्हणजे मोठ्या मनाने धरा. पट्टीवर आकडा दिसतो ८५ हजारांचा, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. बियाणे, खत, फवारणी, वेचणी आणि सोसायटीचे व्याज वजा जाता काय उरते ते तुम्हाला सांगायला नको. पण साहेबाला पट्टी दिसते, खर्च दिसत नाही. त्याच साहेबाच्या घरात कोणी आजारी पडले तर बिलाची प्रतिपूर्ती सरकार करते. त्याला कार्डाचा रंग कोणी विचारत नाही.

याहून मोठा चमत्कार दिल्लीचा. २०१८ ला आलेल्या आयुष्मान भारत योजनेने २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची यादी घेतली. त्या गणनेत गरिबांतून थेट वगळण्याच्या ज्या खुणा होत्या त्यांतली एक अशी, की घरात ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणे. म्हणजे कर्ज हीच श्रीमंती! ज्याच्या डोक्यावर बँकेचा बोजा तो सधन, असे गणित मांडणाऱ्याला आम्ही एक हंगाम आमच्याकडे पाठवून द्या म्हणतो.

मग सरकारला दया आली. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, असे चौदा जिल्हे 'आत्महत्याग्रस्त' ठरले. तिथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळू लागले. तिथल्या पांढऱ्या कार्डवाल्यालाही सातबारा दाखवून दवाखान्याची योजना खुली झाली. पण परंड्याचा शेतकरी आत आणि शीव ओलांडून बार्शीचा बाहेर. रान तेच, पाऊस तेवढाच. बार्शीकराचा गुन्हा एवढाच की त्याच्या जिल्ह्यावर मरणाचा शिक्का बसला नव्हता. पुढे चौदा जिल्ह्यांचे ते धान्यही थांबले. २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचे ठरले, २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. पाच जणांच्या घराला ८५० रुपये. एका आजाऱ्याला सोबतीसह जिल्ह्याच्या गावी नेऊन आणण्यातच त्यातले बरेच संपते.

काही मित्र म्हणतात, १ जुलै २०२४ पासून योजना सर्वांना पाच लाखांपर्यंत खुली झाली, आता भांडण कशाचे? झाले ते चांगलेच झाले. बारा वर्षांत पांढऱ्या कार्डापायी ज्यांनी रान विकून बिल भरले, त्यांचा हिशेब तूर्त सोडून देऊ. (सोडून देऊ म्हणतो, विसरू असे नाही.) पण ही योजना भरती झालेल्या आजाऱ्याची, ठरलेल्या यादीतल्या उपचारांची. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, तपासणीची फी आणि बुडालेली मजुरी या गोष्टी खिशातूनच जातात. आणि खिसा कोणी रिकामा केला?

इथे रेशनकडे परत यावे लागते. साठ-सत्तरच्या दशकांत याच सरकारने आमच्या खळ्यावरून ज्वारीची लेव्ही नेली, शहराला स्वस्त खायला घालायचे म्हणून. लेव्ही गेली, रीत राहिली. स्वस्त, आणि २०२३ पासून फुकट, गहू-तांदूळ गावोगाव आला की ज्वारीला गावातही गिऱ्हाईक राहत नाही. हमीभाव कागदावर असतो. खरेदी केंद्र उघडायच्या आत घरची नड माल आडतीवर पोचवते. आम्ही ज्वारी मोडून सोयाबीन-कपाशी केली त्याला पाखरे आणि मजुरी ही कारणे आहेतच, पण भाव हे पहिले कारण.

आणि ताटाचे काय झाले? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते सांगतात, शंभर ग्रॅम ज्वारीत लोह सुमारे चार मिलिग्रॅम, पॉलिशच्या तांदळात एकही पुरते नाही. ज्वारीत चोथा दहा ग्रॅम, तांदळात तीनाच्या आत. याच महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे रक्त कमी असलेल्या बायका २०१५-१६ ला शंभरात ४८ होत्या, २०१९-२१ ला ५४ झाल्या. पाच वर्षांखालची मुले ५४ वरून ६९ वर गेली. याचे सगळे पाप रेशनवर घालणे खोटेपणाचे होईल. पण रक्त कमी म्हणून गोळी द्यायची आणि तराजूत पांढरा तांदूळ तोलायचा, हा कारभार कोणाच्या शहाणपणाचा? २०१३ च्या कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची सोय लिहिलेली होती. २०२३ साली 'श्रीअन्न' म्हणून ज्वारी-बाजरीच्या आरत्याही झाल्या. आरतीने हमीभावाची खरेदी होत नाही.

रेशन बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच रानात निंदण-वेचणीला येणाऱ्या भूमिहीन मायबहिणीची चूल त्यावर पेटते, आणि पडत्या वर्षी आमचीही. आमचे म्हणणे असे, की रेशनवर ज्वारी द्या, ती त्याच तालुक्यातून हमीभावाने आणि सुगीच्या आधी केंद्र उघडून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध शिल्लक ठेवा आणि ते देताना कार्ड मागू नका. पीककर्जाला संपत्ती धरणारी यादी फाडून टाका.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने रेशन कार्ड, सातबारा आणि गेल्या पाच वर्षांतली दवाखान्याची बिले आणावीत. बिलामागे लिहून आणावे, हे भरायला काय विकले, किंवा कोणाकडून किती टक्क्यांनी काढले. बिल हरवले असेल तर नुसते तेवढेच लिहून आणावे. गावाप्रमाणे गठ्ठे बांधून ते जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत.