वाघदेवाला कोणती भाषा कळते?



गेल्या लगीनसराईत आपल्या भागातल्या एका पाड्यावर लग्न होते. नवरा बारावी पास, तालुक्याला नोकरीला. मांडव मोठा, बँजो पार्टी होती आणि या वेळी तालुक्याहून भटजी आणला होता. धवलेरीही आली होती. जिने नवऱ्याच्या बापाचे लग्न लावले तीच म्हातारी. तिला चौकाजवळ बसवले आणि सांगितले, "आजी, तू मागून चार गाणी म्हण, फोटो निघतील." भटजीने माइकवर मंत्र सुरू केले. मध्येच विचारले, "गोत्र काय?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग नवऱ्याच्या आजाने कुळाचे नाव सांगितले, कुळाचा देव कोणत्या डोंगराच्या अंगाला बसतो तेही सांगितले. भटजी म्हणाला, "ते नाही. काश्यप म्हणा." झाले, काश्यप!

आम्ही संघटनेची पोरे तिथे होतो. तेव्हा हसलो. रात्री घरी येताना हसू जिरले. आजाच्या एका वाक्यात कूळ होते, गाव होते, डोंगर होता. काश्यपमध्ये आपल्या गावचा एक दगड तरी आहे काय?

कुणी म्हणेल, लग्न कुठे, जमिनीचा लढा कुठे. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, ही अजून आम्हाला झोंबते. एका गावात वाघदेवाचे जुने लाकूड होते. वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. दर वाघबारसीला गाव तिथे जमायचा, भगत आपल्या बोलीत देवांना हाका मारायचा. मग बाहेरची एक भजनी मंडळी आली. हा देव नाही, जनावर आहे, असे सांगून तिथे सिमेंटचा चौथरा बांधला, वर मूर्ती बसवली, हिंदीत पाटी लावली, हिंदीतली आरती कर्ण्यावर लावली. लाकूड बाजूला टाकले, ते वाळवीने खाल्ले. पुढे गावाने सामूहिक वनहक्काचा दावा भरला, त्यात हे देवस्थान लिहिले. तपासणीला आलेला साहेब पाटी वाचून म्हणाला, "हे तर नवे बांधकाम. तुमचा जुना देव कुठे आहे?"

आम्ही काय दाखवणार? वाळवी?

वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे. त्यातला नियम 13 पुराव्यांचा. सामूहिक हक्काच्या पुराव्यात पवित्र झाडे, देवराया, तळी, नदीकाठच्या जागा, दफनाच्या आणि दहनाच्या जागा धरल्या आहेत. म्हाताऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले तर तेही पुरावा धरतात. म्हणजे भगत ज्या देवांना हाका मारतो तो शिवेचा, खिंडीचा, ओहोळाचा, पाणवठ्याचा देव आपल्या दाव्याचा साक्षीदार आहे. ही हाक आपल्या बोलीत आहे म्हणूनच त्यात आपल्या शिवेतली नावे आहेत. दुसऱ्याच्या मंत्रात गंगा येईल, गोदावरी येईल. आपल्या ओहोळाचे नाव त्यात कोण घालील?

आता आम्हाला नेहमी ऐकवतात की देवाची भाषा शुद्ध लागते, तुमची बोली गावंढळ. हे महाराष्ट्रात बोलायला लाज वाटायला पाहिजे. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेवर मराठीत लिहिले, का? कारण संस्कृत मूठभरांच्या हातात होते आणि बाकीच्यांना गीता बंद होती. ज्या मराठीला तेव्हा हलकी म्हटले, त्याच मराठीतला शिकलेला माणूस आज आमच्या वारलीला, कोकण्याला, काथोडीला, ठाकरीला हलकी म्हणतो. चार दिवस सासूचे म्हणतात, पण ही सून तर सासू झाल्यावर सगळे विसरली.

दुसरे म्हणतात, तुमचे धर्मपुस्तक कुठे आहे, लिहिलेले दाखवा. अरे, वेद तरी किती शतके तोंडानेच राखले! पाठ करून ठेवले तर त्यांचे ज्ञान, आणि धवलेरीने शेकडो ओळी पाठ ठेवल्या तर आडाणी बाईची गाणी? कणसरीची गोष्ट घांगळीवर सांगणाऱ्याला पुस्तक लागत नाही. दाण्याचा मान कसा ठेवायचा हे त्यात आहे, आणि ज्याच्या घरात नागली, वरी, भात आहे त्याला ते समजते.

पाद्र्यांचेही बोलू, नाहीतर म्हणाल एकालाच धरले. जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये 1960 च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. आपल्याच जिल्ह्यातल्या वसईच्या लोकांनीही न समजणाऱ्या भाषेत ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. मग रोमला वाटले, लोकांना कळेल असे बोलावे. चांगले झाले. पण आपल्या पाड्यांवर जी प्रार्थना येते ती पुस्तकी मराठीत येते, आणि येताना सांगते, हिरवा सोडा, हिमाय सोडा, वाघदेव सोडा. भटजी, महाराज, पाद्री आपसात भांडतात. आमच्या बोलीला देव ऐकत नाही, एवढ्यावर मात्र तिघांचे पटते.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासी आहेत. डोंगर हाच त्यांचा देव, नियमराजा. एका मोठ्या कंपनीला तिथले बॉक्साइट पाहिजे होते. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितले, डोंगरावर लोकांचे धर्माचे हक्क आहेत की नाहीत ते ग्रामसभा ठरवील. 12 गावांच्या ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी खाणीला नाही म्हटले. त्यांनी आपला नियमराजा मागेच सोडून दुसऱ्या कुणाचे नाव घेतले असते, तर ग्रामसभेत सांगायला काय उरले असते?

आता आपल्याच घरात बोट. भगत बोलीत बोलतो म्हणून त्याचे सगळे खरे असे आम्ही म्हणत नाही. बोलीतच हाक मारून विधवा बाईला भुताळी ठरवणारे भगत आहेत, आजाऱ्याला दवाखान्यात जाऊ न देणारे आहेत. त्यांच्याविरुद्ध आमच्या बायांनी मोर्चे काढले, पुढेही काढतील. आणि संस्कृत शिकायला आमचे वाकडे नाही. शिका, इंग्रजीही शिका. पण आपल्या धवलेरीला मागे बसवून नको. तिला मागे बसवणारा भटजी नव्हता बरे, तिला मागे बसवले आपल्याच शिकलेल्या पोराने, मित्रांसमोर लाज वाटली म्हणून. आमच्यातल्या काहींनी शाळेत आपले आडनाव हळू आवाजात सांगितले आहे. ती लाज कुठून येते ते आम्हाला ठाऊक आहे.

तर काम असे. ज्या गावांचे सामूहिक दावे भरायचे राहिले आहेत किंवा परत आले आहेत, त्यांनी भात कापणी झाली की म्हाताऱ्यांना, भगतांना, धवलेरींना घेऊन शिव फिरावी. ज्या देवाच्या जागी थांबाल तिथे त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. वनहक्क समितीतल्या लिहिणाऱ्या पोरांनी नाव जसे ऐकले तसेच लिहायचे. वाघदेवाचा मारुती करायचा नाय, गावतरीची ग्रामदेवता करायची नाय. साहेबाला कळले नाही तर त्याने विचारावे. खाली म्हाताऱ्यांचे अंगठे आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. दोन प्रती काढा, एक दाव्याला जोडा, एक गावात ठेवा. धवलेरींची नावे आधी लिहा, त्यांतल्या बऱ्याच जणी आता थकल्या आहेत.