शस्त्राचा हिशेब आधी सरकारने द्यावा

आल्यागेल्या पाहुण्याला भेडाघाटचा धुवांधार आणि नर्मदेचे संगमरवरी कडे दाखवायला नेणे, हा जबलपूरच्या मराठी घरांचा जुना रिवाज आहे. यातील कित्येक घरे तेथे वसली ती संरक्षण खात्याच्या नोकरीमुळे. १९०४ साली स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची आयुध निर्माणी आणि लष्कराचे केंद्रीय आयुध भांडार यांनी या शहराला पोसले. खडकी, भुसावळ, अंबाझरी आणि जबलपूर ही नावे बदलीच्या एकाच आदेशात वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना तेथील शिस्त ठाऊक आहे. म्हणूनच २०१८ साली याच शहराचे नाव वेगळ्या कारणाने गाजले, त्याची बोच त्यांना अधिक लागली असणार.

त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात, जमालपूर येथे पोलिसांनी एका इसमास तीन एके-४७ रायफलींसह पकडले. तपासाचा धागा थेट जबलपूरला पोहोचला. शस्त्रदुरुस्तीचे काम करून निवृत्त झालेला एक कारागीर आणि भांडारातील एक कर्मचारी यांना अटक झाली. सेवेतून बाद ठरविलेल्या रायफली नष्ट होण्याऐवजी भांडाराबाहेर पडल्या, दुरुस्त होऊन मुंगेरला विकल्या गेल्या, असा आरोप ठेवण्यात आला. अशा रायफलींची संख्या साठ ते सत्तर असावी, असा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला. सप्टेंबरअखेर मुंगेरच्या बरदह गावातील एका विहिरीतून डझनभर रायफली निघाल्या. पुढे हा तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला.

या प्रकरणात ना परदेशी हस्तक होता, ना सीमेपलीकडून आलेली खेप. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला शस्त्र विकले, एवढाच तो व्यवहार होता. आणि नेमक्या अशाच व्यवहाराबद्दल आपला कायदा मौन बाळगून आहे असे मुळीच नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार, स्वतःच्या वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेले शस्त्र नागरिकाला विक्रेत्याचा परवाना नसतानाही विकता येते. मात्र घेणारा ते बाळगण्यास पात्र असला पाहिजे. परवान्याचे शस्त्र असेल तर विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. अमेरिकेत ज्या प्रश्नावर आजही राजकारण दुभंगते, त्याचे उत्तर भारतीय संसदेने सहा दशकांपूर्वीच देऊन ठेवले होते. तिकडे १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने परवानाधारक दुकानदारावर ग्राहकाची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन घातले, पण व्यवसाय म्हणून न विकणाऱ्या खासगी व्यक्तीला त्यातून मोकळे ठेवले. ही पळवाट बुजविण्याच्या हेतूने एप्रिल २०१३ मध्ये सेनेटपुढे आलेली दुरुस्ती ५४ मते मिळूनही बारगळली; आवश्यक होती ६०.

तथापि आपले उत्तरही अर्धेच आहे. नागरिकाने कळविल्यावर ४५ दिवसांत प्रशासनाने काय करायचे, हे त्या कलमात सांगितलेले नाही. चौकशी करून शेरा मारला काय किंवा कागद नस्तीत पडून राहिला काय, मुदत सारखीच संपते. प्रशासनाचे मौन म्हणजेच संमती, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. मुदत घातली ती छाननीसाठी. छाननीचे दायित्व मात्र कोणावरच नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमातील दुरुस्ती संसदेपुढे आली, तेव्हा ही उणीव दूर करण्याची संधी होती. चर्चेचा बराच जोर खर्ची पडला तो शस्त्रांच्या संख्येवर. एका परवानाधारकास तीनऐवजी एकच शस्त्र ठेवू देण्याचा मूळ प्रस्ताव विरोधानंतर दोनवर आला आणि तिसरे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचे बंधन आले. विनापरवाना निर्मिती व विक्रीची तीन ते सात वर्षांची शिक्षा सात वर्षे ते जन्मठेप अशी वाढली. शिक्षा वाढविणे योग्यच होते. परंतु ज्याची नोंद सरकारदरबारी आधीपासून आहे त्याच्यावर नवे बंधन आणि ज्याची नोंदच नाही त्याला केवळ वाढीव शिक्षेचा धाक, असा हा तोल होता.

याची झळ महाराष्ट्रालाही बसते. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीतील उमर्टी गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईस गेलेल्या जळगाव पोलिसांच्या पथकावर हल्ला होऊन एका शिपायास पळवून नेण्यात आले. नंतर त्याची सुटका झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तेथे धाड घालून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुण्यातील टोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या या पिस्तुलांच्या विक्रीची ४५ दिवस आधी कोणी कोणाला सूचना देत नाही.

शस्त्र बाळगणे हा हक्क असावा, असा युक्तिवाद परवानाधारकांच्या संघटना करतात आणि काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाचा दाखला देतात. ठरावात तो हक्क होता, हे खरे. राज्यघटनेने तो दिला नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा निर्बंध असणारच. प्रश्न आहे तो निर्बंध सर्वांना सारखे लागू असण्याचा. २०१६ च्या नियमांनंतर परवानाधारकाची माहिती राष्ट्रीय कोशात, स्वतंत्र क्रमांकासह नोंदली जाते. सरकारी भांडारात बाद ठरलेली रायफल खरोखर वितळवली गेली की नाही, याचा दाखला मात्र त्याच आस्थापनेतील माणसाच्या सहीवर अवलंबून राहत असेल, तर ज्याच्या हाती किल्ली त्याच्याच हाती हिशेबाची वही, अशी स्थिती होते.

उपाय अवघड नाहीत. ४५ दिवसांच्या सूचनेला प्रशासनाने लेखी उत्तर देणे बंधनकारक करावे आणि ते न देणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी निश्चित करावी. बाद शस्त्रे नष्ट करताना त्या आस्थापनेबाहेरील अधिकाऱ्याची साक्ष अनिवार्य असावी आणि प्रत्येक क्रमांक त्याच राष्ट्रीय कोशात बाद म्हणून नोंदला जावा. उमर्टीसारख्या सीमेवर दोन्ही राज्यांचे कायमस्वरूपी संयुक्त पथक असावे.

सामान्य नागरिकाने वडिलांची जुनी बंदूक विकायची म्हटली तरी त्याला दीड महिना थांबावे लागते. तो थांबतो, कारण कायद्यावर त्याचा विश्वास आहे. हा विश्वास टिकवायचा तर सरकारनेही आपल्या भांडारातील प्रत्येक बंदुकीचा तितकाच चोख हिशेब दिला पाहिजे.