बाजार बघायला नको, करायला या

क्योटोत काय बघावं, याच्या प्रत्येक यादीत निशिकी बाजार असतोच. जेमतेम चारशे मीटरची गल्ली, शंभरावर दुकानं, ‘क्योटोचं स्वयंपाकघर’ ही ओळख. आज तिथे पर्यटकांची इतकी गर्दी असते, की ‘चालता चालता खाऊ नका’ अशी विनंती बाजारालाच करावी लागते. जवळच्या गिऑनमधल्या खासगी गल्ल्यांत तर २०२४मध्ये पर्यटकांना बंदीच झाली. दंड १०,००० येन.

हे आठवतं, कारण आता आपल्या मार्केट यार्डातही पहाटे कॅमेरे येतात. झेंडूच्या ढिगापुढे पोझ चालू, आणि मागे पाठीवर ओझं घेतलेला हमाल ‘सरका, सरका’ म्हणून ओरडतोय. त्याची वाट अडवून केलेल्या रीलला आपण ‘खरं पुणं’ म्हणायचं? मला मान्य नाही. बाजार गिऱ्हाइकावर जगतो. नुसत्या बघ्यांनी शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळत नाही.

म्हणून या, पण पिशवी घेऊन या. भाव विचारा, किलोभर शेवंती घ्या. भूक लागली तर हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवा. ओझ्याला आधी वाट द्या. फोटो नंतर, आणि तोही विचारून.