रंगवलेली प्लायची जमीन: तडजोड नव्हे, पुरते काम

अमेरिका आणि कॅनडातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत तुळयांवर 8 फूट लांब, 4 फूट रुंद प्लायवूडचे तक्ते ठोकतात. या थराला सबफ्लोअर म्हणतात. त्यावर गालिचा, ओकच्या पट्ट्या किंवा टाइल्स बसवण्याची रीत आहे. वरचा थर न घालता प्लायच घासून, रंगवून कायमची जमीन म्हणून वापरला, की तीन आक्षेप येतात: ही गरिबीची तडजोड आहे, रंग टिकत नाही, आणि प्लाय त्या लायकीचा नाही.

पहिला आक्षेप इतिहासाला धरून नाही. न्यू इंग्लंडच्या जुन्या घरांत पाइनच्या फळ्यांची तक्तपोशी रंगवत असत. केप कॉडकडे गडद रंगावर निरनिराळ्या रंगांचे शिंतोडे उडवून ठिपक्यांची जमीन करण्याची पद्धत होती. मऊ लाकडाला रंग हेच संरक्षण आणि तीच शोभा. कमी खर्चात होणे हा त्या कामाचा दोष ठरत नाही.

दुसऱ्या आक्षेपात दोष रंगाचा नसून बहुधा कामाचा असतो. भिंतीचा रंग जमिनीवर लावला, धूळ न पुसता हात मारला, पहिला हात वाळण्याआधी दुसरा दिला, तर पापुद्रे निघणारच. जमिनीसाठीचे एनॅमल कडक थर धरते. मात्र हाताला कोरडे लागणे वेगळे आणि पुरते कडक होणे वेगळे. त्याला काही आठवडे लागतात. त्याआधी जड कपाट ओढले, तर ओरखडा अटळ आहे.

तिसरा आक्षेप अर्धा खरा आहे. सबफ्लोअरचा प्लाय मऊ लाकडाचा असतो, त्याला पोचे पडतात. वरचा पापुद्रा पातळ असल्याने तो पुन्हा पुन्हा खोल घासता येत नाही. पण प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो अखंड फळीपेक्षा कमी फुगतो आणि कमी आक्रसतो. रंगाला असाच स्थिर पृष्ठभाग हवा असतो.

म्हणून कामाचा क्रम पाळावा. आधी करकरणारे तक्ते तुळयांना स्क्रूने आवळावेत आणि स्क्रूची डोकी किंचित आत बुडवावीत. खड्ड्यांत लाकडाची लांबी भरावी. सांध्यांत मात्र कडक लांबी भरू नये. तक्ते हलले की तिला तडा जातो. तिथे लवचीक भरण वापरावे किंवा रेघ तशीच दिसू द्यावी. मग 80 आणि नंतर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ पूर्ण काढावी. गाठींतला चीक रंगातून डागासारखा वर येतो, म्हणून त्यांवर शेलॅकचा प्रायमर द्यावा. त्यावर एनॅमलचे दोन पातळ हात पुरतात. वर पॉलियुरेथेन द्यायचे तर पांढऱ्या जमिनीवर पाण्याच्या बेसचेच घ्यावे. तेलाच्या बेसचे पिवळे पडते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 साली बंदी आली. त्यापूर्वीचा रंग जमिनीवर असेल, तर शिशाची तपासणी केल्याशिवाय घासू नये.

जिथे पाणी साचते त्या न्हाणीघरात ही जमीन करू नये. कुजलेल्या प्लायवर तर नाहीच. निजायची खोली, माळा, अभ्यासाची खोली यांसाठी ती पुरेपूर योग्य आहे. झिजलेल्या जागी नवा हात देता येतो, आणि पुढे ओक बसवायचे ठरले तरी खालचा प्लाय जागेवरच कामाला येतो.