बिनपगारी राखणदार

मुळशी तालुक्यातील माणच्या शिवारात आज राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा आहे. जमीन कोणाची गेली आणि पदरात काय पडले, हा तेथील जुना हिशेब. परंतु त्या काचेच्या इमारतींच्या आतही एक हिशेब थकलेला आहे. तेथील रोजचे काम ज्या हत्यारांवर चालते, ती हत्यारे राखणाऱ्यांच्या श्रमाचा हा हिशेब आहे.

प्रोग्रॅम लिहिणारा कामगार दिवसभर टंकित आज्ञांनी चालणारी लहानमोठी साधने वापरतो. लिनक्सवर एक ओळ टंकली की हवे ते साधन संगणकावर बसते. ही सोय आभाळातून पडत नाही. 1993 साली सुरू झालेल्या डेबियन या वितरणाला मालक नाही. मुख्यतः स्वयंसेवकच ते चालवतात. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत 69 हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. एकेका पॅकेजमागे कोणीतरी रात्री जागवलेल्या असतात. साधन इतर कोणत्या पॅकेजांवर विसंबून आहे याची नोंद करायची, फाइलींचे हक्क आणि परवाने तपासायचे, इंटरनेटशी संबंध न ठेवता मूळ संहितेपासून ते पुन्हा घडवता येते याची खात्री करायची, माहितीपान नसेल तर तेही लिहायचे. हल्लीचे साधन आपल्यामागून डझनावारी लहान लायब्रऱ्या ओढून आणते आणि त्यांतली प्रत्येक लायब्ररी वेगळी बांधावी लागते. एवढे करून इतरांच्या छाननीत ते उतरले, तरी काम तेथे संपत नाही. पुढे वर्षानुवर्षे दुरुस्त्या निस्तराव्या लागतात. बारसे एकदाच होते, संगोपनाला सुट्टी नसते!

या संगोपनाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते मार्च 2024 मध्ये दिसले. फाइली दाबून लहान करणारे एक्सझेड हे साधन फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. हे आपले बिनपगारी, हौसेचे काम आहे, असे त्यांनी 2022 सालीच जाहीरपणे सांगितले होते. 'जिया तान' असे नाव घेतलेल्या कोणी दोन वर्षे मदत करून त्यांचा विश्वास मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट ठेवली. ती उघडणारा धागा सार्वजनिक संहितेत नव्हताच. तो केवळ वितरणासाठी बांधून दिलेल्या गठ्ठ्यात होता. डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत तो पोहोचलाही. प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा माग आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने काढला नसता, तर जगभरच्या सर्व्हरांची दारे उघडी पडली असती.

स्वयंसेवा प्रेमाची असते, तिला दामाचा स्पर्श नको, असा युक्तिवाद ऐकू येतो. प्रेमावर नफा उभारणाऱ्यांनी तो करू नये. माणमधील अभियंत्याने स्वतः हातभार लावायचा म्हटले तर वाटेत कायदा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या ओघात घडलेल्या कृतीची पहिली मालकी मालकाची असते. अनेक नियुक्तिपत्रे याही पुढे जाऊन फावल्या वेळातील कामावर हक्क सांगतात. ज्या सामायिक साठ्यातून कंपनी रोज घेते, त्यात कामगाराने मूठभर घालायचे तर परवानगी मागायची, असा हा उफराटा न्याय आहे.

कंपन्यांना दुसरा मार्ग अशक्य आहे असेही नाही. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी लोहित या मुक्त भारतीय फाँटांची देखभाल पगारी कामाचा भाग म्हणून केली. मराठी फाँटही त्यांत आहे. हिंजवडी-माण पट्ट्यात कामाच्या तासांविषयी बोलणाऱ्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात दोन कलमे घालावीत. मुक्त संहितेवरील कामाला नियुक्तिपत्रातच लेखी मोकळीक असावी आणि कंपनी जी साधने वापरते, त्यांच्या देखभालीसाठी आठवड्याचे ठरावीक पगारी तास मिळावेत.