पाखरे पाहायला पैसे लागत नाहीत

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कोठे न्यायचे, हा नोकरदारांच्या घरातला नेहमीचा प्रश्न. यंदा आम्ही तीन-चार कुटुंबांनी भाकरी बांधल्या आणि पाखरे पाहायला निघालो.

पहाटे नांदेडजवळचे विष्णुपुरी धरण गाठले. पाण्यावर काळे वारकरी, काठाला लांब पायांचे शेकाटे आणि हिमालयापलीकडून थंडीला आलेले केशरी चक्रवाक. उन्हे चढल्यावर माळरान. कागदोपत्री ते 'पडीक'; पण टिटवी, तितर, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. माळ नांगरला की त्यांचे घर गेले. दुपारनंतर भोकरकडच्या सागाच्या झाडीत हळद्या, सुतार आणि नीलपंख दिसले. नीलपंख पिकातले किडे टिपतो, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी गडीच!

लातूरच्या वाचकांना मांजरा धरण जवळचे. २०१६ साली ते आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. माणसांसाठी रेल्वे धावली. पाखरांसाठी कोण धावणार?

डॉ. सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांमुळे ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात मुलांना एक वही द्या आणि दिसलेले प्रत्येक पाखरू लिहायला सांगा. ज्याचे नाव ठाऊक, त्याचीच काळजी वाटते.