घरातली रोपे : तपासा, मग माना



चाळीतल्या खोलीत ऊन येत नाही, तरी मिरची-टोमॅटोची रोपे होतात. २० वॅटची एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगा, रोज १४ तास लावा. दिवसाला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते.

प्रश्न खताचा. दुकानदार म्हणतो, "जास्त घाला, जोमाने वाढेल." तथागतांनी कालामांना सांगितले होते की, कोणी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. तेच येथे करू.

एकाच वाणाची १२ रोपे कोकोपीटमध्ये वाढवा. सुरुवातीला रोप बियातल्या साठ्यावर जगते, तेव्हा खत नको. खरी पाने फुटली की चार-चार रोपांचे तीन गट करा. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम १९:१९:१९ विरघळवा. पहिल्या गटाला नुसते पाणी. दुसऱ्यासाठी या द्रावणाचे १०० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा, तिसऱ्यासाठी ४०० मिलीचे १ लिटर. खत आठवड्यातून एकदाच. उजेड व पाणी सर्वांना सारखे, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

तीन आठवडे मुलांनी उंची, पानांची संख्या व रंग वहीत लिहावा. खालची पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी, कडा करपल्या तर क्षार जास्त. खताची पुडी मात्र मोठ्यांनीच हाताळावी.

कष्टाचा पैसा वाचेल, हा फायदा आहेच. पण आज खताचा दावा तपासणारे मूल उद्या बुवाच्या अंगाऱ्याचाही पुरावा मागेल. आपल्या घरांना तीच सवय हवी आहे.